उरणची लाँच, उरणची लोकल आणि करंजाची तर

न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. कंटेनर भरलेल्या मालगाड्या तेव्हापासून जासईवरून ये-जा करतायत, पण माणसं नेणारी लोकल उरणला पोहोचायला १२ जानेवारी २०२४ उजाडला. तोवर उरणकरांची सगळी भिस्त एसटीवर आणि मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचवर होती. आता लाँचही आहे, लोकलही आहे, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला करंजाहून अलिबागकडच्या रेवसला सोडणारी तर, म्हणजे खाडी ओलांडणारी लाँच, पूर्वीपासून आहेच. एवढ्याशा गावाला तीन वाटा, आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा. हे परीक्षण त्या तिघींचं.

निकाल आधीच सांगून टाकतो. लोकल भरवशाची आहे, पण विरळ. लाँचचा प्रवास तिघींत सगळ्यात चांगला, फक्त तो घड्याळावर चालत नाही, तिथीवर चालतो. आणि करंजाची तर ही सगळ्यात उपयोगी, तरी बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते.

आधी लाँच. भाऊचा धक्का गाठायला हार्बर मार्गावरचं डॉकयार्ड रोड स्टेशन सोयीचं. तिथून चालत पंधरा-वीस मिनिटं, टॅक्सीने पाच. रस्ता गोदीच्या भागातला आहे, मासळीचे ट्रक आणि बर्फाच्या गाड्या सतत चालू असतात, त्यामुळे पहाटे चालताना खालचा चिखल आणि मागचा हॉर्न दोन्हींकडे लक्ष हवं. धक्क्यावर पोहोचल्यावर नवख्याची गडबड हमखास होते. मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी, बोट इथूनच सुटते, पण तिचं टर्मिनल वेगळं आहे. मोरा आणि रेवसच्या लाँच जुन्या प्रवासी धक्क्यावरून सुटतात. खिडकीवर नुसतं ‘एक द्या’ न म्हणता ‘मोरा’ असं स्पष्ट सांगा आणि लाँचमध्ये पाय टाकण्याआधी खलाशाला पुन्हा एकदा विचारा. आणखी एक घोटाळा मोरा या नावाचा. घारापुरी बेटावरच्या तीन वस्त्यांपैकी एकीचं नाव मोराबंदर आहे, बाकीच्या दोन शेतबंदर आणि राजबंदर. घारापुरी उरण तालुक्यातच येतं, पण ते मोराबंदर वेगळं आणि उरणचं मोरा बंदर वेगळं. नकाशावर नुसतं नाव टाकून वाट शोधणारे फसतात ते इथे.

तिकीट साधारण ८० रुपये, पावसाळी हंगामात त्यावर २५ रुपये जास्त. दर बदलत असतात, म्हणून खिडकीवरचा फलक पाहूनच पैसे काढा, आणि सुटे ठेवा. अंतर सरळ रेषेत दहाएक किलोमीटर. वारा-पाणी नीट असेल तर पाऊण तास, नाही तर तास. गर्दीच्या वेळी लाँच जवळजवळ सुटतात, दुपारी मात्र बराच वेळ बसून राहावं लागतं.

बसायची जागा निवडणं महत्त्वाचं. भाऊच्या धक्क्याहून मोऱ्याला जाताना लाँचचं तोंड आग्नेयेकडे असतं, आणि दुपारनंतरचा खारा वारा पश्चिमेकडून, पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे तुषार उजव्या अंगाला. जाताना डावीकडे बसावं, येताना उजवीकडे. डावीकडेच जवाहर द्वीपचे तेलाचे धक्के आणि त्यामागे घारापुरी दिसतं, तेव्हा देखाव्याच्या दृष्टीनेही तीच बाजू बरी. खालच्या भागात इंजिनाची धग आणि डिझेलचा वास असतो. ज्यांना बोट लागते त्यांनी वर, मधोमध बसावं आणि नजर दूरच्या किनाऱ्यावर ठेवावी. अगदी पुढे बसायचा मोह होतो, पण लाटेवर सगळ्यात जास्त आपटतं ते नाळेकडेच. मागच्या बाजूला मासळीच्या टोपल्या असल्या तर त्यांच्या खालून पाणी वाहत येतं, तेवढी पिशवी वर उचलून ठेवा. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून जो अपघात झाला, तेव्हापासून लाइफ जॅकेटबद्दल कडक सूचना आहेत. जॅकेट हातात घेऊन बसण्यात काही अर्थ नाही. अंगात घालून पट्टे ओढून घ्या, आणि तुटलेल्या बकलाचं मिळालं तर तिथल्या तिथे बदलून मागा.

आता मुख्य दुखणं: मोऱ्याचा गाळ.

मोरा बंदर उथळ चिखलाच्या किनाऱ्यावर आहे. खाड्यांमधून येणारा गाळ तिथे साठत राहतो. उपसला तरी एक-दोन पावसाळ्यांत पुन्हा पहिल्यासारखा. ओहोटीचं पाणी फार खाली गेलं की लाँच धक्क्याला लागूच शकत नाही, तळ चिखलात रुततो. मग सेवा दोन-चार तास बंद ठेवतात. ही बंदी मनमानी वाटते, पण ती आधीच ओळखता येते, आणि त्यासाठी कोळीवाड्यातला जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर सहा तासांनी, नऊच्या आसपास, सुकती पूर्ण. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, मोजणी एक ते पंधराच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण बेत ठरवायला एवढं चालतं. नेमकी वेळ हवी असेल तर मुंबई बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहा.

या हिशोबातून एक वाईट गोष्ट लक्षात येते. पौर्णिमा-अमावस्येला आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाण असतं: भरती साडेचार मीटरच्या वर चढते आणि ओहोटीला पाणी पार तळाला जातं. त्या दिवसांत भरती दुपारी बारा ते दीडच्या आसपास येते. म्हणजे सगळ्यात खोल ओहोटी सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी पुन्हा त्याच वेळेला. नेमकी कामावर जायची आणि घरी परतायची वेळ. महिन्यातले हे सहा-आठ दिवस नोकरदाराने लाँचवर विसंबू नये, एवढा साधा नियम. अष्टमीच्या अलीकडे-पलीकडे भांगाचं पाणी असतं. ओहोटी होते, पण पाणी फारसं हटत नाही, आणि लाँच दिवसभर धक्क्याला लागते. फिरायला येणाऱ्याने सप्तमी ते दशमीमधला दिवस धरला तर मोऱ्यासारखं सोपं बंदर नाही.

उधाणातही सेवा अगदी बंद नसते तेव्हाची अडचण वेगळी. पाणी खाली असलं की धक्क्याच्या वरच्या पायऱ्या निरुपयोगी होतात आणि खालच्या, एरवी बुडालेल्या पायऱ्यांवर उतरावं लागतं. त्यांच्यावर शेवाळ असतं, कडेला कालवांची धारदार कवचं असतात. रबरी तळाच्या चपला किंवा बूट हवेत. चामड्याच्या गुळगुळीत चपलेने घसरायला होतं. कधी धक्क्याला एक लाँच आधीच लागलेली असते आणि तिच्यावरून आपल्या लाँचमध्ये जावं लागतं. अशा वेळी दोन्ही हात मोकळे ठेवायचे, पिशवी पाठीला, मूल खलाशाच्या हातात. लाँच लाटेने वर येते त्या क्षणी पाय टाकायचा; ती खाली जात असताना टाकला तर अंदाज चुकतो आणि पाय दोन्हींच्या फटीत जाऊ शकतो. खलाशी हात देतात, तो घ्यावा, संकोच करू नये. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मात्र उधाणाच्या ओहोटीला लाँचने मुळीच आणू नका. चाकाची खुर्ची असेल तर भरतीलाही कठीण आहे. प्रवाशांकडून तिकिटाचे पैसे घेणाऱ्या सेवेत ही गोष्ट इतकी वर्षं अशीच चालते, हे काही भूषणावह नाही. रो-रो जेट्टी झाली की सुटका होईल असं सांगितलं जातं. तिचं काम मुदतीमागून मुदत घेत कित्येक वर्षं रेंगाळलं.

पावसाळ्याबद्दल एक गैरसमज आहे. गेटवेहून मांडव्याच्या बोटी मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, म्हणून मोऱ्याचीही बंद असेल असं लोक धरून चालतात. ती चालू असते, कारण हा मार्ग बंदराच्या आतल्या, तुलनेने आडोशाच्या पाण्यातून जातो. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवामानाचा इशारा, लागला की मात्र लाँच थांबते, आणि तो कधी उतरेल याची हमी कुणी देत नाही. अशा दिवशी धक्क्यावर ताटकळत बसू नये, सरळ डॉकयार्ड रोडला परत जाऊन लोकल पकडावी.

ती लोकल म्हणजे पोर्ट लाइन. सिडको आणि मध्य रेल्वेने मिळून बांधलेला हा सुमारे २७ किलोमीटरचा मार्ग. पहिला तुकडा खारकोपरपर्यंत, नोव्हेंबर २०१८ मध्ये. पुढचा उरणपर्यंतचा त्यानंतर पाच वर्षांनी. गाड्या दोन ठिकाणांहून सुटतात, हे नीट समजून घेतलं नाही तर अर्धा तास सहज वाया जातो. नेरूळहून सुटणारी गाडी सीवूड्स-दारावे घेऊन पुढे जाते. बेलापूरहून सुटणारी सीवूड्सला येतच नाही, वेगळ्या फाट्याने थेट तरघरला मिळते. पुढे बामणडोंगरी, खारकोपर, गव्हाण, शेमटीखार, न्हावा-शेवा, द्रोणागिरी आणि उरण. तरघर आणि गव्हाण ही दोन स्थानकं बाकीच्यांच्या बरीच मागाहून उघडली, त्यामुळे जुन्या वेळापत्रकाचे फोटो फिरत असतील तर त्यांवर जाऊ नका.

मुंबईहून किंवा ठाण्याहून येणाऱ्याने नेरूळला बदलावं. पनवेलहून किंवा कोकण रेल्वेने येणाऱ्याने बेलापूरला. पण हा नियम आंधळेपणाने पाळायचा नाही. पुढची उरण गाडी नेरूळहून आहे की बेलापूरहून, हे एम-इंडिकेटर ॲपवर आधी पाहायचं. दोन गाड्यांतलं अंतर तास-दीड तासाचं असू शकतं, आणि सीएसएमटीहून येणारी हार्बर लोकल नेरूळला उरण गाडी सुटल्यावर दोन मिनिटांनी पोहोचली तर त्या चुकामुकीची किंमत तेवढीच मोठी. नेरूळची गाडी चुकली असेल तर दोन स्टेशनं पुढे, बेलापूरहून सुटणारी मिळते का, ते बघा. दोन्ही फाटे धरले तर थांबणं बरंच कमी होतं. सुरुवातीला दिवसाला जाऊन-येऊन ४० फेऱ्या होत्या, नंतर वाढवल्या, तरी हार्बर मार्गाची सवय असलेल्याला हे वेळापत्रक अर्धपोटीच वाटेल.

नेरूळ ते उरण चाळीसेक मिनिटं. सीएसएमटीपासून धरलं तर बदल आणि थांबणं मिळून दोन तास. आणि लाँचने? सीएसएमटी ते डॉकयार्ड रोड दहा मिनिटं, चाल वीस, वाट पाहणं अर्धा तास, पाण्यात पाऊण ते एक तास, मोऱ्याहून गावात रिक्षाने दहा मिनिटं. तेही दोनच तास. फरक पैशांत आहे: सेकंड क्लासचं तिकीट २० रुपयांच्या घरात, लाँचचं त्याच्या चौपट. रोजच्या माणसाने पासावर लोकलच घ्यावी. फोर्ट, मशीद, माझगाव या भागात काम असेल आणि तिथी जुळत असेल, तर लाँच अजूनही तोडीस तोड आहे. कुर्ला, ठाणे, वाशीकडच्याने लाँचचा विचार फक्त हौसेखातर करावा.

स्थानकं मोठी आणि चकचकीत आहेत, गावांपासून मात्र लांब. न्हावा-शेवा आणि द्रोणागिरीला रात्री उतरून रिक्षा मिळेल असं धरून चालू नका. फलाटांकडे नेणाऱ्या भुयारी वाटांत पावसाळ्यात पाणी साचतं, त्यामुळे जुलैत बूट हातात घ्यायची तयारी ठेवा. खिडकी मिळाली तर खारकोपरच्या पुढे बघत राहण्यासारखं आहे: खाडी, तिवरं, उरलीसुरली मिठागरं, थंडीत पक्षी, आणि मध्येच आभाळात घुसलेल्या बंदराच्या क्रेन. उरण हे शेवटचं स्टेशन. बाजारपेठ चालत जाण्यासारखी. मोरा बंदर तीन-चार किलोमीटर, करंजा पाचेक. शेअर रिक्षा असते, पण बसण्याआधी शेअर की स्पेशल ते ठरवून घ्या. भाड्यावरून होणारे बहुतेक वाद याच एका प्रश्नातून उगवतात.

रस्त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लोकल सुरू झाली त्याच दिवशी शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतू खुला झाला; २१.८ किलोमीटर, गाडीला एका वेळचा टोल २५० रुपये. चौघे असाल तर परवडतो. पूल उतरल्यावर कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगेत किती वेळ जाईल, ते त्या दिवशीच्या बंदरावर अवलंबून.

करंजाची तर मात्र निवांत सांगण्यासारखी. उरणहून अलिबागला रस्त्याने जायचं तर पेणचा वळसा, सत्तर किलोमीटरच्या वर. करंजाहून धरमतर खाडीचं मुख ओलांडलं की दहा-पंधरा मिनिटांत रेवस, आणि रेवस धक्क्यालगत अलिबागची एसटी. पुढे झिराड, चोंढी करत वीस-बावीस किलोमीटर. दुचाकीसुद्धा लाँचवर चढवतात. तिचं तिकीट वेगळं. गाडी चढवताना फळीवरून ढकलावी लागते, म्हणून साइड बॅगा आधी काढाव्यात, आरसे आत वळवावेत, आणि लाँचमध्ये गाडी साइड स्टँडवर न ठेवता मेन स्टँडवर लावून गिअरमध्ये टाकावी. लाट लागली की साइड स्टँडवरची गाडी पडते आणि शेजारच्या दोन घेऊन पडते. घरी गेल्यावर साखळी आणि ब्रेकच्या भागावर गोडं पाणी मारायचं विसरू नका. रेवसची बाजूही गाळाने भरते, तेव्हा उधाणाच्या ओहोटीचा हिशोब इथेही लागू. खाडीवर पूल व्हावा ही माजी मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासूनची गोष्ट. आता सागरी महामार्गात त्याचं काम घेतलं आहे. पूल झाला की या तरीचं काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको.

दिवसभराचा सगळ्यात सुरेख बेत या तरीमुळेच जमतो. सकाळी लोकलने उरण, करंजाहून रेवस, एसटीने अलिबाग, आणि परतीला मांडव्याहून रो-रोने भाऊचा धक्का. एकच वाट दोनदा तुडवावी लागत नाही. उलट दिशेने केला तर संध्याकाळी करंजाला अडकायची भीती असते, म्हणून हीच दिशा बरी.

करंजा कोळीवाड्यात सुकी मासळी घ्यायची असेल तर बोंबील वाकवून पाहावा. कडक असून तुटला तर नीट वाळलेला, लवचीक राहिला तर आत ओल आहे आणि आठवड्यात बुरशी धरेल. जवळा मुठीत दाबून बघा. गोळा झाला तर घेऊ नका. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून वर कापडी पिशवी. लाँचमध्ये कुणी काही बोलत नाही, लोकलमध्ये मात्र नेरूळच्या पुढे माना वळू लागतात. तेव्हा मालडब्यातून जाणं उत्तम.

तरीने अलिबागहून उरणकडे परतणाऱ्यांसाठी एवढंच: रेवसला पोहोचल्या पोहोचल्या शेवटच्या लाँचची वेळ खिडकीवर विचारा, आणि त्याच्या आधीची धरा. करंजाला उतरून स्टेशनपर्यंत रिक्षाने वीस मिनिटं धरावीत. उरणहून शेवटची लोकल रात्री दहाच्या सुमारास असते, पण ती नेरूळला जाणारी आहे की बेलापूरला, आणि तिथून पुढे आपल्याला हार्बरची गाडी उरलीय का, हे रेवसच्या धक्क्यावर असतानाच पाहून घ्या. नसेल, तर अलिबागलाच मुक्काम करणं स्वस्त पडतं.